भरतीची वेळ चुकली: अद्भुत कादंबरीमालेत जादूचे नियम आणि कथेचा वेग कसा सांभाळावा

माझ्या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा दुसरा भाग छापून आल्यावर पंधरवड्यातच देवगडकडच्या एका वाचकाचे पत्र आले. पत्रात कौतुकाचा किंवा टीकेचा शब्द नव्हता, फक्त एक हिशेब मांडलेला होता. माझी नायिका चतुर्थीच्या दुपारी तीन वाजता ओसरत्या पाण्याच्या बळावर आपली शक्ती वापरते, असे मी लिहिले होते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ निघते हे आमच्याकडे होडीवर जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते, असे सांगून त्या वाचकाने पुढे लिहिले होते की चाराची पाऊणपट तीन होते, तेव्हा तुमची नायिका ओहोटीला साद घालते त्या घटकेला खाडी काठोकाठ भरलेली असणार. मालेतली सगळी जादू मी भरती-ओहोटीवर बेतलेली होती आणि दुसऱ्या भागाचा परमोच्च प्रसंग नेमका त्या चुकीवर उभा होता. मी मालवण तालुक्यात खाडीकाठी लहानाचा मोठा झालो आहे, त्यामुळे ते पत्र मी कोणाला दाखवलेही नाही.

त्यानंतर उरलेले भाग लिहिताना मी जी शिस्त लावून घेतली ती येथे क्रमाने देत आहे. एकच कादंबरी लिहिणाऱ्याला यातले बरेचसे अनावश्यक वाटेल, कारण एका पुस्तकातली विसंगती छापण्यापूर्वी दुरुस्त करता येते. मालेत मात्र पहिला भाग वाचकाच्या कपाटात जाऊन बसलेला असतो आणि तिसरा अजून तुमच्या डोक्यात असतो. नवे लेखक जादूचे नियम आणि कथेचा वेग हे दोन वेगळे प्रश्न समजून त्यांची वेगवेगळी उत्तरे शोधत बसतात. मीही तेच केले होते. माझ्या अनुभवात हे दोन्ही एकाच गाठीचे पदर आहेत, आणि पुढची मांडणी त्याच समजुतीवर केलेली आहे.

हाताशी काय असावे

- दोनशे पानी दोन वह्या. एक नियमवही आणि दुसरी उधारीची वही. दोहोंचा उपयोग पुढे येईल.
- कथा ज्या वर्षी घडते त्या वर्षाचे पंचांग किंवा तिथी दिलेली दिनदर्शिका. कथेचा काळ काल्पनिक असला तरी एखादे खरे वर्ष आधाराला घ्यावे.
- हाताने काढलेला नकाशा, ज्यावर अंतरे मैलांत किंवा किलोमीटरमध्ये न लिहिता प्रवासाच्या तासांत लिहिलेली असावीत.
- समुद्राशी संबंध असलेली कथा असेल तर बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते.
- छापून आलेल्या भागांची एक प्रत, जिच्या समासात लिहिण्याची तुम्हाला लाज वाटणार नाही.

संगणकावर तक्ते करण्याची सवय असेल तर वह्यांऐवजी तेही चालेल. मला वही बरी वाटते, कारण वहीत खोडलेले दिसत राहते आणि पूर्वी आपण काय ठरवले होते व ते का बदलले याचा माग राहतो.

१. शक्ती एकच निवडा आणि ती एका वाक्यात सांगा

पहिल्या भागाचे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी तुमच्या जगातली जादू नेमके काय करते हे एका वाक्यात लिहून पाहा. माझे वाक्य असे होते: ‘भरतीच्या पाण्याबरोबर हरवलेली वस्तू किंवा माणूस बोलावून आणता येते, आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर जवळचे काही कायमचे सोडून देता येते.’ या शक्तीला मी ‘ओढ’ असे नाव दिले. तुमचे वाक्य ‘आणि शिवाय’ असे म्हणत लांबत गेले, तर तुमच्याकडे एक शक्ती नसून चार शक्ती आहेत असे समजावे आणि तीन काढून टाकाव्यात. वाचक एका शक्तीचे दहा उपयोग लक्षात ठेवतो, पण दहा शक्तींचा एकेक उपयोग त्याच्या ध्यानात राहत नाही.

कोकणात लिहिणाऱ्याला येथे एक खास मोह होतो. देवचार, राखणदार, वेताळ, मुंजा, गिऱ्हा, चकवा, झोटिंग ही सगळी मंडळी आयती समोर उभी असतात आणि त्या सगळ्यांना एकाच कथेत जागा द्यावी असे वाटते. यातला प्रत्येक जण स्वतःचे नियम घेऊन येतो: चकवा वाट चुकवतो, मुंजा पिंपळ सोडत नाही, राखणदार आपल्या हद्दीबाहेर जात नाही. ते नियम वाचकाला तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असण्याचा संभव असतो. यांपैकी एकालाच घ्यावे आणि त्याच्या रूढ नियमांना धक्का लावायचा असेल तर तो पहिल्याच भागात उघडपणे लावावा. खऱ्या गावाचे ग्रामदैवत, तिथला कौल किंवा गाऱ्हाणे यांना कथेच्या सोयीसाठी वाकवू नये. गाव काल्पनिक करावे. ज्या देवळात आजही कौल लावून लोक पेरणीचा आणि सोयरिकीचा निर्णय घेतात, त्या देवळाला तुमच्या खलनायकाचे ठाणे केले तर गावकऱ्यांनी कादंबरी म्हणून ते सोसावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

२. नियमवहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहा

नियमवहीच्या पहिल्या चार पानांवर चार प्रश्न लिहावेत: शक्ती कशाने जागी होते, ती काय करू शकत नाही, तिची किंमत काय आणि ती कोठे थांबते. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळेच लिहितात आणि तिथेच थांबतात. कथा मात्र उरलेल्या तिन्हींवर चालते.

माझ्या मालेत ओढ जागी होते ती पाणी वळल्यावर. तिने मेलेले माणूस परत येत नाही. प्रत्येक बोलावण्याला बोलावणाऱ्याची एक आठवण पाण्याबरोबर निघून जाते आणि ती कोणती जाईल हे त्याच्या हातात नसते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘ओढ फक्त समुद्राजवळ चालते’ असे मी प्रथम लिहिले होते. पण जवळ म्हणजे किती जवळ? मग ‘खारे पाणी जिथवर चढते तिथवर’ असा नियम केला, आणि हा नियम लिहिताच मालेचे निम्मे कथानक समोर आले. वैशाखात नद्या आटलेल्या असतात तेव्हा खाडीतले खारे पाणी बरेच वरपर्यंत चढते आणि काठच्या काही विहिरी मचूळ होतात. आषाढात डोंगरावरून लोंढा आला की तेच खारे पाणी मुखाकडे रेटले जाते. म्हणजे माझ्या नायिकेचे राज्य उन्हाळ्यात पसरते आणि पावसाळ्यात आक्रसते. हे मी कल्पनेने रचलेले नव्हते. नियम नेमका शब्दांत बांधल्यावर ते आपोआप त्यातून निघाले.

म्हणून नियम लिहिताना ‘सहसा’, ‘बहुतेक’, ‘जवळपास’ हे शब्द वापरू नयेत. निवेदनात ते खुशाल येऊ द्यावेत, नियमवहीत नकोत.

वहीचा मागचा भाग शब्दांसाठी राखून ठेवावा. जादूशी संबंधित प्रत्येक शब्द कोणते पात्र कसा उच्चारते हे तिथे नोंदवावे. माझा निवेदक ‘ओहोटी’ म्हणतो, नायिकेची आजी ‘सुकती’ म्हणते, आणि मुंबईहून आलेला तिचा मावसभाऊ दोन्ही शब्द चुकीच्या वेळी वापरतो. पहिल्या भागात आजीच्या तोंडी दोनदा ‘ओहोटी’ आले होते. अर्थ बिघडला नव्हता, पण ज्या वाचकाला मालवणी कानाला आहे तो तिथे अडखळतो, आणि एकदा अडखळला की पुढच्या पानावर अधिक संशयाने वाचू लागतो.

३. नियम कोण सांगतो हे ठरवा

निवेदकाने सांगितलेला नियम हा कराराचा भाग असतो. तो मोडला तर वाचकाची फसवणूक होते. पात्राने सांगितलेला नियम ही त्या पात्राची समजूत असते आणि समजूत चुकीची निघू शकते. हा भेद मला दुसऱ्या भागानंतर कळला, आणि तो पहिल्या भागाआधी कळला असता तर माझे एक वर्ष वाचले असते. नियमवहीत प्रत्येक नियमापुढे ‘नि’ किंवा ‘पा’ अशी खूण करावी आणि शक्य तितके नियम पात्रांच्या तोंडी ठेवावेत. निवेदकाच्या वाट्याला दोन-तीनच नियम द्यावेत आणि ते अखेरपर्यंत पाळावेत.

येथे आजोबांचा सापळा असतो. आपल्याकडे अद्भुतकथेत पडवीत बसून सगळे समजावून सांगणारा म्हातारा हमखास येतो. सुपारी कातरता कातरता तो पाच पाने बोलतो आणि त्या पाच पानांत कथा जागच्या जागी उभी राहते. आजोबा असू द्यावेत, पण त्यांना अर्धेच ठाऊक असावे, आणि त्यातलेही थोडे चुकीचे असावे.

४. वेग नियमातून काढा

प्रसंग रेंगाळतो आहे असे वाटले की नवा लेखक त्यात हाणामारी घालतो, आणि फार धावतो आहे असे वाटले की निसर्गवर्णन घालतो. दोन्ही उपाय बाहेरून चिकटवलेले दिसतात. त्याऐवजी तुमच्या नियमात काळ किती आहे हे पाहावे.

समुद्राला दोन भरत्यांचे चक्र पुरे करायला सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटे लागतात. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओढ पाणी वळल्यावरच जागी होत असेल, तर पाणी नुकतेच भरू लागले असताना शत्रू दारात आला की त्याला घालवून देण्यासाठी नायिकेला सहा तास वाट पाहावी लागते. या सहा तासांत ती काय करते, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागला आणि त्याच्या उत्तरात माझी सर्वांत चांगली प्रकरणे सापडली. ती शत्रूला जेवायला वाढते. त्याच्याशी खोटे बोलते. आजीला मागच्या दाराने शेजारी पाठवते. आणि खाडीकडे पाठ करून बसते, कारण पाण्याकडे वारंवार पाहिले तर त्याला संशय येईल. या प्रकरणात जादू एका ओळीचीही नाही, तरी मालेतले सर्वांत वेगवान प्रकरण म्हणून वाचक त्याचाच उल्लेख करतात.

मोठ्या मापाचा वेगही याच पद्धतीने काढता येतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण येते. सर्वांत मोठी भरती प्रत्यक्षात बहुधा एक-दोन दिवस उशिराची असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. म्हणून माझ्या प्रत्येक भागात मोठे प्रसंग उधाणाला पडतात, आणि भांगाच्या दिवसांत शक्ती क्षीण असल्यामुळे माणसे एकमेकांशी बोलतात, चुका कबूल करतात, पैशांची जुळवाजुळव करतात. चोवीस प्रकरणांच्या भागात उधाणाची चार प्रकरणे मला पुरेशी वाटतात. सहा केली तेव्हा शेवटचे उधाण कोणाला जाणवलेच नाही.

तीन भागांच्या मालेत मधला भाग मंदावतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून लेखक पहिल्यापेक्षा मोठा खलनायक आणतो, तिसऱ्या भागात त्याहून मोठा आणावा लागतो, आणि शेवटी सगळे विश्वच पणाला लावण्याची वेळ येते. मी मधला भाग पावसाळ्यात ठेवला. खलनायक तोच राहिला, पण नायिकेची हद्द महिनाभरात आक्रसत खाडीच्या मुखापर्यंत आली. विरोधक वाढवण्यापेक्षा नायकाची जागा कमी करणे स्वस्त पडते आणि अधिक विश्वसनीयही वाटते.

आराखडा न करता लिहिणाऱ्यांना हे सगळे जाचक वाटेल. त्यांनी एकदा जत्रेत रात्रभर बसून दशावतार पाहावा. नाटकाची लिखित संहिता नसते आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. तरीही आख्यान कोणते, कोणाचा प्रवेश कोणानंतर आणि कोणाचा वध होणार हे रंगमंचावर येण्यापूर्वी ठरलेले असते. त्या चौकटीमुळेच नटाला एखाद्या संवादात मनमुराद रेंगाळता येते. पहाटे डुलक्या घेणाऱ्या प्रेक्षकाला मृदंग आणि झांजेने पुन्हा ताठ बसवता येते, तेही त्याच चौकटीच्या जोरावर.

५. दिनदर्शिका आणि नकाशा तपासा

हा टप्पा कंटाळवाणा असून टाळण्यासारखा नाही. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर, फक्त स्वतःसाठी, तिथी, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. मधल्या भागासाठी मी २०२३ सालचा पावसाळा आधाराला घेतला होता आणि नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या सुरुवातीला धरून चाललो होतो. त्या वर्षी अधिक श्रावण होता. १ ऑगस्टची पौर्णिमा अधिक महिन्यातली होती आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. दर्याला नारळ वाहण्याचा प्रसंग मी महिनाभर आधी उरकून टाकला होता, आणि मागच्या-पुढच्या सगळ्या उधाणांचा हिशेब त्याला जोडलेला होता. सुदैवाने ही चूक कच्च्या खर्ड्यात सापडली. पाऊणपटीचा हिशेब ठोकळ आहे हेही ध्यानात ठेवावे. किनाऱ्यावर जसजसे दक्षिणेकडे जावे तशी भरतीची वेळ थोडी आधी येते, म्हणून अर्ध्या तासाच्या फरकावर प्रसंग उभा करायचा असेल तर त्या बंदराचा तक्ताच पाहावा.

ठिकाणानुसार बळही बदलते. भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतला फरक अलिबागेकडे मोठा असतो, म्हणून तिथे ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. दक्षिणेला वेंगुर्ल्याकडे तो फरक बराच कमी होतो. हे लक्षात आल्यावर माझ्या मालेतली अलिबागची विरोधी स्त्री माझ्या नायिकेपेक्षा जन्मतःच बलवान ठरली आणि त्यासाठी वेगळे कारण शोधावे लागले नाही.

प्रवासाच्या बाबतीत पात्रे कथानकाच्या सोयीने धावतात, हा दोष जवळजवळ प्रत्येक पहिल्या मालेत आढळतो. कोकणात तर तो लगेच उघडा पडतो, कारण इथे दोन गावे समोरासमोर दिसत असतात आणि मध्ये खाडी असल्यामुळे वळसा घालायला दोन तास लागतात. कथा जुन्या काळातली असेल तर अधिक जपावे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली वाहतुकीला खुला झाला. नव्वदच्या दशकापूर्वीच्या कथेत मुंबईचा मनुष्य रेल्वेने रात्रीत कुडाळला उतरू शकत नाही.

६. नियम वाचकाला चार वेळा भेटवा

कोणताही महत्त्वाचा नियम वाचकाला चार वेळा भेटला पाहिजे, असे मी ठरवले आहे. पहिल्यांदा तो सहज कानावर पडावा, दुसऱ्यांदा चालताना दिसावा, तिसऱ्यांदा त्याच्यामुळे कोणाचे तरी नुकसान व्हावे, आणि चौथ्यांदा त्याचाच आधार घेऊन सुटका व्हावी.

हे तंत्र आपल्याला नवे नाही. हिरण्यकश्यपूने वर मागताना माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको अशा सगळ्या वाटा बंद केल्या. नृसिंह त्यातला एकही शब्द मोडत नाही. तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, नखांनी वध होतो. श्रोत्याला वर आधी ऐकवलेला असतो, म्हणून उंबरठा आला की तो सावरून बसतो. वर ऐकवलाच नसता आणि नृसिंह नुसता खांबातून निघाला असता, तर पराक्रम दिसला असता, पण हिशेब जुळल्याचा आनंद मिळाला नसता. कर्णाच्या शापाचेही तसेच आहे: ऐन प्रसंगी विद्या आठवणार नाही हे युद्धाच्या कितीतरी आधी सांगितलेले असते, आणि मधल्या सगळ्या काळात ऐकणाऱ्याच्या मनात ते टोचत राहते.

मालेत या चार भेटी वेगवेगळ्या भागांत विभागता येतात, पण तिसरी आणि चौथी भेट शेजारी ठेवू नये. नुकसान सोसायला वाचकाला थोडी पाने लागतात. एका प्रकरणात दोन नवे नियमही आणू नयेत. आणि ज्या भागात नियम चौथ्यांदा भेटणार आहे त्याच्या सुरुवातीला तो पुसटसा पुन्हा ऐकवावा, कारण मागचा भाग वाचून वाचकाला वर्ष-दीड वर्ष झालेले असते. त्यासाठी मागील कथासार देण्याची गरज नसते. एखाद्या पात्राने आपली हरवलेली आठवण शोधताना चाचपडावे, तेवढ्यानेही किंमत कोणती होती हे स्मरते.

७. उधारीची वही रोज उघडा

दुसरी वही किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी ठेवावी. कथेत जे जे अर्धवट सोडले असेल, म्हणजे न उलगडलेले रहस्य, दिलेले वचन, कोनाड्यात ठेवलेली नाव नसलेली पेटी, ते सारे डावीकडे तारखेसह लिहावे. फेडले की उजवीकडे प्रकरणाचा क्रमांक घालावा. माझ्या पहिल्या भागाच्या अखेरीस एकवीस नोंदी होत्या. त्यांतल्या सात मी केवळ प्रकरणाचा शेवट उत्कंठेचा व्हावा म्हणून केल्या होत्या, आणि त्या सातही पुढे डोईजड झाल्या. ‘क्रमशः’ लिहिण्याआधी दारावर थाप पाडण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी दाराबाहेर कोण आहे हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

८. पहिल्या वाचकांना एकच प्रश्न विचारा

हस्तलिखित तिघांना द्यावे, त्यातला एक तरी तुमच्या विषयातला जाणकार असावा. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. ‘हिने आत्ता शक्ती का वापरली नाही, असे तुम्हाला कोणत्या पानावर वाटले?’ एवढेच विचारावे. उत्तरात आलेल्या प्रत्येक पानावर एकतर नियम अपुरा असतो किंवा प्रसंग खोटा असतो. आमच्या वाडीतले एक निवृत्त तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, माझे असे वाचक आहेत. ते कादंबरी म्हणून पाहत नाहीत, फक्त पाणी पाहतात.

९. छापलेली चूक नियम बदलून दुरुस्त करू नका

चूक छापली गेली की पुढच्या भागात ‘प्रत्यक्षात नियम असा होता’ असे सांगून मोकळे होण्याची इच्छा होते. ते करू नये. चूक निवेदकाच्या नियमाशी संबंधित असेल तर नियम तसाच ठेवून त्या प्रसंगाचा परिणाम बदलता येतो का ते पाहावे.

चतुर्थीची चूक मी पुढच्या आवृत्तीत तिथी बदलून निस्तरली. तिथे दुसरा मार्ग नव्हता आणि प्रस्तावनेत तसे कबूलही केले. पण दुसऱ्या भागात आणखी एक चूक होती जी त्या पत्रलेखकालाही सापडली नव्हती. नायिका आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी बसून आपल्या बेपत्ता भावाला बोलावते आणि तो परत येतो. आंबोली घाटमाथ्यावर आहे, तिथे खारे पाणी चढण्याचा प्रश्नच नाही. त्यात हिरण्यकेशी तर पूर्वेकडे वाहते आणि घटप्रभा व कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. ज्या समुद्राच्या जोरावर सगळी माला चालते त्याच्याशी त्या पाण्याचा काही संबंधच नव्हता. अनेक दिवस मी भाऊ स्वतःच वाट शोधत आला अशी सारवासारव करून पाहत होतो. शेवटी नियम जसाच्या तसा मानला आणि स्वतःला विचारले की ओढ तिथे चालतच नसेल, तर मग आला तो कोण? तिसऱ्या भागाचे कथानक या प्रश्नातून उभे राहिले. घरात वावरणारा भाऊ मीठ खात नाही, हे त्या भागात आजीच्या प्रथम लक्षात येते.

ही युक्ती एका मालेत एकदाच करावी. दुसऱ्यांदा केली की वाचक ओळखतो.

१०. शेवटच्या भागात नवा नियम आणू नका

अखेरच्या भागात नवे पात्र चालेल, नवे गावही चालेल; शक्तीचा नवा पैलू मात्र चालणार नाही. नायिका विशेष आहे म्हणून तिला किंमत मोजावी लागत नाही, अशी सवलत तर मुळीच देऊ नये. लिहायला बसण्यापूर्वी उधारीची वही काढून उरलेल्या नोंदी मोजाव्यात आणि कोणती नोंद कोणत्या प्रकरणात फिटणार हे आधी लिहावे. प्रकरणांपेक्षा नोंदी जास्त निघाल्या तर भाग वाढवण्यापेक्षा दोन-तीन नोंदी एकाच प्रसंगात फेडता येतात का ते पाहावे. एखादी नोंद मुद्दाम कोरी ठेवायची असेल तर तिच्यापुढे तसे लिहून ठेवावे, म्हणजे ती विसरलेली नाही हे निदान तुम्हाला ठाऊक राहील.

हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधी पहिल्या भागापासून सगळी माला सलग मोठ्याने वाचावी, नियमवही शेजारी उघडी ठेवून. मला त्याला अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी कळले की पहिल्या भागात नायिकेची जी आठवण पाण्याबरोबर गेली होती, तीच ती चौथ्या भागात आजीला रंगवून सांगत होती.